गुर्जींच्या मानाची बिडीबंदी

कमलाकांत मास्तरांना ठसका लागला तो आलुबोंड्यातल्या मिरचीचा. हे आधीच सांगून ठेवलेलं बरं, कारण पुढे सगळ्या राजापेठेत ही गोष्ट एकट्या मास्तरांनाच माहीत होती.

मार्गशीर्षातली दुपार. कापसाचा हंगाम भरात आलेला. शालिकरामच्या हॉटेलासमोर कापसातली सरकी काढणारं जिन होतं, आणि जिनाच्या फाटकापासून कापसाच्या बंड्यांची, म्हणजे बैलगाड्यांची, रांग थेट नाक्यापर्यंत गेलेली असे. जिनात बिडी ओढायला सक्त मनाई. फाटकावरचा चौकीदार आत जाणाऱ्या प्रत्येकाचे खिसे चाचपी आणि माचिस, बंडल, जे सापडेल ते काढून घेई. म्हणून आपल्या बंडीची पाळी येईपर्यंत दर्यापूरकडचे, चांदूर बाजारकडचे शेतकरी शालिकरामच्या हॉटेलात येऊन बसत. चहा हे निमित्त. चार वाजेपर्यंत हॉटेलात एवढा धूर साठे की कॅलेंडरातली लक्ष्मी पाहायची तर उठून जवळ जावं लागे.

त्या धुरात कोपऱ्यातल्या टेबलाशी मास्तर बसत. शाळेतून निवृत्त झालेले. बायको सरोजिनी मागच्या वर्षी गेली. एकुलती मुलगी कुंदा अकोल्याला सासरी. मास्तरांनी जन्मात बिडी ओढली नव्हती. शाळेत असताना ते तंबाखूच्या दुष्परिणामांवर दरवर्षी एक भाषण देत आणि शाळेमागे सापडलेल्या पोरांना छडी देत. पण हॉटेलात येणाऱ्या बाहेरगावच्या माणसांना हे कुठून माहीत असणार? कोणीतरी येई, "काकाजी, सरका जरा," म्हणे, शेजारी टेके, बिडी शिलगावी आणि ती विझेपर्यंत घरची सगळी हकिकत सांगे. भावाशी वाटणीवरून झालेलं भांडण, बैलाचा पाय, पोरीचं मोडलेलं स्थळ. मास्तर "असं का?" म्हणत ऐकत. संध्याकाळी घरी जाताना त्यांच्या टोपीला, धोतराला, मफलरला बिडीचा वास येई, आणि तो घालवावा असं त्यांना कधी वाटलं नाही.

तर ठसका.

त्या दिवशी समोर खुशालराव बसला होता. दर्यापूरकडचा, हंगामभर बंड्या घेऊन येणारा, आवाजानं मोठा. साळ्याच्या लग्नात आपल्याला मानाचा फेटा कसा मिळाला नाही हे तो सांगत होता, आणि ऐन रागाच्या जागी त्यानं धूर सोडला. त्याच क्षणी मास्तरांच्या दाताखाली मिरची आली. डोळ्यांत पाणी आलं, श्वास कोंडला. पाण्याची घागर खुशालरावाच्या मागे होती. मास्तरांनी हात लांब करून घागर दाखवली.

गल्ल्यावरून शालिकरामनं पाहिलं. त्याला हात दिसला, हाताच्या रोखानं खुशालरावाची बिडी दिसली. घागर काही त्याला दिसली नाही.

"खुशालराव! इझवा ते पयले!"

"काहून?"

"गुर्जी मरून राहिले समोर अन् काहून म्हनता!"

"कोन गुर्जी?"

"हे काय, तुमच्या पुढं बसले ते! मले शाळेत यायनंच शिकवलं. यायच्या छडीनं माई बिडी सुटली, ते आजलोक तोंडाले लावली नाई."

"बाप्पा!" खुशालरावानं बिडी बशीतल्या चहात बुडवली आणि दोन्ही हात जोडले. "गुर्जी व्हय हे? अन् मी तं यायले सरका म्हनत होतो!"

मास्तर हातानं नाही नाही करत होते. घशातून फक्त "मि... मि..." येत होतं. शालिकरामनं मान हलवली. "म्हनतात मीच जातो म्हनून. गुर्जी, तुमी नाई जायचं. धूर जाईन."

मिरची खाली उतरेपर्यंत हॉटेलातल्या सगळ्या बिड्या विझल्या होत्या.

•

दुसऱ्या दिवशी पाटी लागली.

येथे बिडी ओढण्यास मनाई आहे.

वसंतराव वकील कोर्टातून येताना रोज इथे थांबत. त्यांनी पाटी वाचली, बसले, आणि सिगारेट काढली. "ही बिडी नाही," ते म्हणाले. त्यावर तिसऱ्या दिवशी:

येथे बिडी व सिगारेट ओढण्यास मनाई आहे.

मग चांदूर बाजारचा एक म्हातारा चिलीम घेऊन आला. मग एकानं न पेटवलेली बिडी ओठांत धरली आणि सांगितलं, "ओढून नाई राहिलो, नुसती धरून राहिलो." शालिकराम जिद्दीचा माणूस. रंगाचा डबा त्यानं गल्ल्याखालीच ठेवला होता. आठवडा संपेपर्यंत पाटी अशी झाली:

येथे बिडी, सिगारेट, चिलीम वगैरे ओढण्यास, पेटविण्यास व नुसती तोंडात धरण्यास सक्त मनाई आहे.
आदरणीय कमलाकांत गुरुजींच्या प्रकृतीसाठी.
हुकमावरून — मालक.

•

यावर लोकांचं म्हणणं काय होतं, तेही ऐकून घेऊ.

खुशालराव: "जिनात बंदी, हाटेलात बंदी, घरी बुढा बाप खाटेवर बसेल हाय. मानसानं ओढावी तं कोठी? वावरात? वावरात तं कापूस हाय!"

वसंतराव वकील: "तत्त्व म्हणून मी बंदीच्या बाजूनं आहे. फक्त ती दुसऱ्या हॉटेलात असावी."

शालिकरामची बायको आशाबाई, मागच्या चुलीवरून: "लय बेस झालं. पयले मले दिसतच नव्हतं भजं तळलं का जळलं."

देवमन, ज्याचा पानठेला बाहेर कडुलिंबाखाली होता: "गुर्जीले देव शंभर वर्स ठेवो. हाटेलातले सारे मायापाशी येऊन राहिले."

चिलमीवाला म्हातारा: "मले वाचता येत नाई."

कमलाकांत मास्तरांना कोणी विचारलं नाही. बंदी त्यांच्यासाठीच होती.

•

पाटीनं दोन गोष्टी केल्या.

पहिली ही की माणसं आत बसेनाशी झाली. चहा उभ्यानं घशात ओतायचा आणि बाहेर कडुलिंबाखाली पळायचं. तिथे देवमनच्या ठेल्याशी हसण्याखिदळण्याचा नुसता कल्लोळ.

दुसरी गोष्ट वाईट. पाटीनं कोपऱ्यातल्या काकाजींना पुन्हा गुरुजी करून टाकलं. आत कोणी आलंच तरी मास्तरांना नमस्कार करून लांबच्या बाकावर टेकत होतं. सरका म्हणायला कोणी येत नव्हतं. टेबलाभोवतीच्या तीन रिकाम्या खुर्च्या शालिकराम रोज फडक्यानं पुसून ठेवी, गुरुजींच्या मानाच्या म्हणून.

त्या दिवसांतल्या एका दिवशी मास्तर मोठ्यानं जे काही बोलले, ते सगळं खाली दिलं आहे. काहीही गाळलेलं नाही.

सकाळी, दूधवाल्याला: "आज पातळ आहे."

नळाला: "ये बाबा."

नळाला, थोड्या वेळानं: "गेला."

शेजारच्या इंदूबाईंना, दारातून: "हो, थंडी वाढली."

सरोजिनीच्या फोटोला: काही नाही. फोटोशी बोलणाऱ्या माणसांचा त्यांना आधीपासून राग होता.

हॉटेलात, शालिकरामला: "अर्धा कप."

संध्याकाळी, घराच्या कुलपाला: "उघड की रे."

झालं.

•

खरं सांगून टाकायचं, असं मास्तरांनी ठरवलं. वाक्य सोपं होतं. शालिकराम, ठसका मिरचीचा होता, पाटी काढ. घरून हॉटेलापर्यंत ते मनात घोळवत गेले. हॉटेलाच्या पायरीपर्यंत ते पाठ झालेलं होतं.

शालिकराम हात पुसत पुढे आला.

"गुर्जी, एक गोष्ट सांगू? आशा म्हनते, गिऱ्हाईक तुटून राहिलं. मी म्हटलं, तुटू दे. माया बाप खोकून खोकून गेला, तवा मले अक्कल नव्हती. मीच त्याले बिड्या आनून देत होतो." त्यानं फडकं खांद्यावर टाकलं. "आता अक्कल हाय तं तुमच्यासाठी तरी वापरू द्या."

पाठ केलेलं वाक्य पायरीवरच राहिलं. यानंतर मिरचीचं नाव कोण काढणार? मास्तर खाली बसले. तरी थोडा धीर करून म्हणाले, "शालिकराम, त्या दिवशी आलुबोंड्यात मिरची जरा..."

"तिखट लागली? आशा! उद्यापासून बोंड्यात मिरची बंद!"

दुसऱ्या दिवसापासून आलुबोंडाही बेचव झाला, आणि त्याचं खापरही गुरुजींवर फुटलं.

मग मास्तरांनी विचार केला, माणसं बाहेर आहेत तर आपण बाहेर जावं. एका दुपारी ते अर्धा कप संपवून सहज आल्यासारखे कडुलिंबाखाली गेले. दहा पावलांवर असतानाच कोणीतरी कुजबुजलं, "गुर्जी!" आणि सगळी हालचाल थांबली. काही बिड्या चपलांखाली गेल्या. काही मुठीत गेल्या आणि मुठी पाठीमागे. खुशालराव गोंधळला आणि त्यानं पेटती बिडी सदऱ्याच्या खिशात टाकली.

मानाच्या माणसासमोर बिडी ओढायची नाही, ही वऱ्हाडातली शिस्त. मास्तरांनी ती स्वतः शिकवलेली होती.

"काय खुशालराव," मास्तर म्हणाले, "कापसाला काय भाव?"

खुशालरावाचं तोंड धुरानं भरलेलं होतं. त्यानं मान डोलावली.

"वाढला?"

पुन्हा मान.

"की उतरला?"

पुन्हा तीच मान. शेवटी श्वास संपला. "बरा हाय," तो म्हणाला, आणि बरा हायसोबत तोंडातून, नाकातून सगळा धूर बाहेर आला. मास्तरांनी तो पाहिला नाही असं दाखवलं. ते आणखी काहीतरी विचारण्याच्या तयारीत होते. साळ्याच्या लग्नातल्या फेट्याचं पुढे काय झालं, हे त्यांना खरोखरच जाणून घ्यायचं होतं.

"खुशालराव, तो फेटा..."

"गुर्जी," खुशालराव पोट आत ओढत म्हणाला, "तुमी जाता का जरा? खिसा जळून राहिला."

मास्तर गेले. पाठीमागे आधी पाणी ओतल्याचा आवाज आला, मग पुष्कळ माणसं एकदम हसल्याचा.

•

आता एकच मार्ग उरला होता. आणि तो ज्या माणसाला सुचला, त्यानं तीस वर्षं बिडीविरुद्ध भाषणं दिली होती, म्हणून त्याला तो सुचायला थोडा वेळ लागला. बंदी ज्याच्यासाठी आहे, त्यानंच हॉटेलात बसून बिडी ओढली, तर बंदीला अर्थ काय राहील? पाटी आपोआप उतरेल. धूर परत येईल. धुरासोबत माणसं.

मास्तर सकाळीच देवमनच्या ठेल्यावर गेले. ती गर्दीची वेळ नव्हती.

"एक बिडी दे."

"कोनासाठी?"

"माझ्यासाठी."

देवमननं त्यांच्याकडे पाहिलं, हसला, आणि भाजलेली सुपारी पुढे केली. "घ्या. खोकल्याले चांगली."

"देवमन, मला बिडी पाहिजे."

"गुर्जी, सकाळी सकाळी काहून मस्करी करून राहिले गरिबाची?"

मास्तर हताश झाले. "घरी पाहुणे आले आहेत."

"असं सांगा ना!" देवमननं अख्खं बंडल दिलं. "पाव्हन्याले एक बिडी कोनी देते का?"

पाहुण्यांच्या नावानं मिळालेलं बंडल कोटाच्या आतल्या खिशात ठेवून मास्तर चार वाजता हॉटेलात शिरले, कोपऱ्यात बसले आणि बिडी ओठांत धरली. एवढ्यावरच पाटीतला एक नियम मोडला होता. पण माचिस आणायला ते विसरले होते. तोंडात बिडी घेऊन ते तसेच बसून राहिले.

खुशालराव उभ्यानं चहा पीत होता. त्याची बशी तोंडाशीच थांबली. तो हळूहळू जवळ आला.

"काहून गुर्जी?"

"तल्लफ आली," मास्तर म्हणाले. हे मात्र त्यांनी घरी नीट पाठ केलं होतं.

 मग एका बिडीवाल्यानं दुसऱ्या बिडीवाल्यासाठी जे करायचं, ते खुशालरावानं केलं. मास्तरांच्या ओठांतून बिडी अलगद काढली, बोटांत फिरवली, स्वतःच्या तोंडात धरून पेटवली आणि अदबीनं परत दिली. मास्तरांनी डोळे मिटून झुरका घेतला.

त्यानंतर जे झालं त्याला खोकला म्हणणं कमी पडेल. टेबल हललं. अर्धा कप सांडला. आशाबाई झारा हातात घेऊन बाहेर आल्या.

"जुना खोकला हाय," लांबच्या बाकावरून कोणीतरी जाणत्या आवाजात म्हणालं. "लय वर्सापासून ओढत असतीन. मायाही काका असाच खोकलत होता."

शालिकराम गल्ल्यावरून उतरला आणि मास्तरांपुढे येऊन उभा राहिला. 

"गुर्जी. बाहेर."

"अरे, पण..."

"नियम तुमच्यासाठी केला. तुमीच मोडला, अन् मी चूप बसलो, तं उद्या मी कोनाले कोन्या तोंडानं सांगू?" त्यानं मास्तरांचा कोपर धरला. धरताना आधी वाकून पायाला हात लावला. मग त्यांना सांभाळून पायऱ्या उतरवल्या, कडुलिंबाखालच्या दगडावर बसवलं आणि नवीन चहाचा कप हातात आणून दिला. "अठी ओढा. अठी कोनी काई म्हननार नाई."

कडुलिंबाखाली खरंच कोणी काही म्हटलं नाही. गुरुजी पेटत्या बिडीसकट बाहेर आलेले पाहून तिथली सगळी माणसं चपापली. गुरुजींसमोर ओढायची कशी? आणि गुरुजी ओढत असताना समोर उभं तरी राहायचं कसं? एकेक जण बिडी टाकून हॉटेलात शिरला. चार मिनिटांत आतले बाक भरले. उघड्या दारातून मास्तरांना आपलं टेबल दिसत होतं. त्याच्याभोवतीच्या तिन्ही खुर्च्यांवर माणसं होती, चौथ्यानं बाक ओढून घेतला होता. आत ना धूर होता ना बिडी, तरी गप्पा रंगात आल्या होत्या. विषय मास्तरच होते.

देवमनसुद्धा ठेला सोडून आत गेला होता.

इथे ही गोष्ट संपली असती. मास्तर दगडावर, बिडी बोटांत, समोर बंड्यांची लांबच लांब रांग आणि रवंथ करणारे बैल. पण तेवढ्यात इंदूबाई बाजाराची पिशवी घेऊन रस्त्यानं चालल्या होत्या. त्यांनी पाहिलं, थांबल्या, पुन्हा पाहिलं. आणि इंदूबाईंचा भाचा अकोल्याला नोकरीला होता.

•

पहिले आले वसंतराव वकील, दुसऱ्याच दिवशी सकाळी.

"मास्तर, या वयात हे काय?" ते खुर्ची ओढून बसले. "फुप्फुसांची चाळण होते. माझ्याकडे पाहा. काय झालंय माझं!" आणि त्यांनी सिगारेट पेटवली. तंबाखूचे तोटे समजावून सांगायला त्यांना दोन तास लागले आणि त्यात बऱ्याच सिगारेटी गेल्या. घर धुरानं भरलं. मास्तर "असं का?" म्हणत ऐकत होते. त्यांनी दोनदा चहा केला.

दुपारी शालिकराम आला, बिनमिरचीचे आलुबोंडे घेऊन. तो जमिनीवरच बसला. "मायाच्यानं चूक झाली का गुर्जी? तुमाले असं हाताले धरून..." त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. "पन मी तुमची बिडी सोडवल्याबिगर राहनार नाई. तुमी माई सोडवली तशी. मी रोज येत जाईन."

"रोज?" मास्तरांनी विचारलं.

"रोज."

खुशालराव पिशवीभर संत्री घेऊन आला. "तल्लफ आली का एक फोड खा. माया चुलत्याची अशीच सुटली." मग तो मांडी घालून बसला आणि साळ्याच्या लग्नातला फेटा शेवटी कोणाच्या डोक्यावर गेला, ते मास्तरांना समजलं. हकिकत लांब होती. मध्येच कोणीतरी आलं तेव्हा मास्तर त्याला म्हणाले, "थांबा जरा, ऐकू द्या."

देवमन सुपारी घेऊन आला. इंदूबाई रोज काढा आणून उभ्या राहू लागल्या आणि मास्तर तो पिईपर्यंत वाड्यातल्या बातम्या सांगू लागल्या. मास्तरांचे जुने विद्यार्थी आले, ज्यांनी शाळेमागे छड्या खाल्ल्या होत्या. त्यांना विशेष उत्साह होता. मास्तरांनी चार कप नवीन घेतले आणि शेजारून एक सतरंजी मागून आणली.

त्या एका झुरक्यानंतर मास्तरांनी बिडी हातात धरली नव्हती. बंडल तसंच कोटाच्या खिशात पडून होतं. पण हे सांगायचं कसं? कोणी विचारलं, "आज किती?" तर मास्तर खाली पाहत आणि म्हणत, "आज जरा जास्तच झाली." मग विचारणारा आणखी अर्धा तास बसे.

•

कुंदा आली ती पॅसेंजरनं, बडनेऱ्याला गाडी बदलून. पिशवी खाली ठेवायच्या आधीच म्हणाली, "बाबा, काय ऐकून राहिली मी?"

"काय ऐकलं?"

"इंदूमावशींच्या भाच्यानं सांगितलं. तुम्ही झाडाखाली बसून बिड्या ओढता म्हणे. सासूबाईंसमोर सांगितलं त्यानं! मी म्हटलं, माझे बाबा? बिडी?" तिनं मास्तरांच्या कोटाला नाक लावलं. वास येत होता, वकिलांच्या सिगारेटींचा. "आई असती तर?"

"आई असती," मास्तर म्हणाले, "तर नसती ओढली."

 कुंदा पदर खोचून स्वयंपाकघरात गेली. बऱ्याच दिवसांनी त्या घरात फोडणीचा वास आला.

तिचा बेत रविवारपर्यंत राहायचा होता. रविवारी दुपारी ती पिशवी भरत होती, आणि सतरंजीवर नेहमीची मंडळी बसली होती: वकील, खुशालराव, देवमन. शालिकराम शेवटी आला, तोच मुळी ओरडत.

"ताई! पेढे द्या! गुर्जीची बिडी सुटली!"

"सुटली?" सगळे एकदम म्हणाले.

"इचारा या देवमनले. त्या दिवसापासून गुर्जीनं दुसरं बंडल घेतलंच नाई. सारी राजापेठ फिरलो मी, एकेका ठेल्यावर जाऊन इचारलं. कोनापासूनच नाई!"

देवमननं डोकं खाजवलं. "हो ना बाप्पा. माया ध्यानातच नाई आलं."

"वा!" वकिलांनी सिगारेट विझवून मास्तरांचा हात हातात घेतला. "मानलं तुम्हाला. आता आमचं इथे काही काम नाही." ते उठले. खुशालराव उठला. "गुर्जी, आता आमीबी मोकळे झालो. शेवटची बंडी रिकामी झाली, सकाळी गावी जातो." देवमन चपला शोधू लागला. शालिकराम वाकून पाया पडला.  "बापाचं नाई जमलं, तुमचं जमलं," तो म्हणाला.

कुंदानं डोळे पुसले. "खरंच, बाबा, जिवातला घोर गेला. मग मी निघतेच आता. संध्याकाळची गाडी मिळते."

मास्तर खुर्चीवर बसून होते. त्यांच्यासमोर चपला पायांत जात होत्या, पिशवीचे बंद आवळले जात होते, सतरंजीची एक कड खुशालरावानं घडी घालायला उचलली होती.

मास्तरांनी कोटाच्या आतल्या खिशात हात घातला, बंडल काढलं आणि त्यातली बिडी ओठांत धरली. देवघरातली माचिस घेतली. तिसरी काडी पेटली.

"गुर्जी!" शालिकराम कळवळला.

"नाही राहवत," मास्तर म्हणाले, आणि काडी बिडीला लावली.

खुशालराव टक लावून पाहत होता. "गुर्जी," तो म्हणाला, "तुमी तं ते उलटी..."

"काका, तुम्ही जरा थांबा," कुंदा म्हणाली.

ती बापाकडे पाहत होती. बिडीला दोन टोकं असतात आणि दोन्ही सारखी नसतात. मास्तरांनी नको ते टोक पेटवलं होतं. दुसऱ्या टोकातून तंबाखूचा चुरा त्यांच्या जिभेवर, मिशांवर, कोटावर सांडत होता. त्यांनी गाल आत ओढले होते आणि डोळे घट्ट मिटले होते, औषध घेणाऱ्या लहान मुलासारखे. तोंडात धूर असा काही जातच नव्हता. तरी ते नेटानं खोकले.

कुंदा पिशवीपाशी गेली. मग तिनं पिशवीचा बंद सोडला. आतली लुगडी काढून खुंटीवर टाकली, एकेक, सावकाश.

"कुठे सुटली?" ती सगळ्यांना म्हणाली. "पाहा ना तुम्हीच. एवढं सोपं असतं का ते? खुशालकाका, ती सतरंजी खाली ठेवा. वकीलकाका, बसा. शालिकरामदादा, तुम्ही उद्यापासून आशावहिनींनाही घेऊन येत जा. मी चहा ठेवते."

मंडळी परत खाली बसली. शालिकरामनं मोठा उसासा टाकला. कुंदा बापाजवळ आली, त्यांच्या हातातली बिडी काढून घेतली आणि पदराच्या टोकानं त्यांच्या मिशांवरचा तंबाखू पुसला.

"यांना कळवावं लागेल अकोल्याला," ती हळू आवाजात म्हणाली. "काय कळवू? संक्रांतीपर्यंत सुटेल?"

मास्तरांनी नीट विचार केला.

"सांगता येत नाही," ते म्हणाले. "सवय जुनी आहे."